‘आय’ म्हणावे की ‘मी’?

इंग्रजीत स्वतःचा उल्लेख करायला दोन शब्द आहेत, आणि गंमत अशी की त्यांतला एक चक्क ‘मी’ आहे! पण तो आपला मी नव्हे. आपला मी उठतो, बसतो, जेवतो, रागावतो. वाक्याच्या पंगतीत तो यजमान. इंग्रजांचा ‘मी’ बिचारा नेहमी घेणारा, ऐकणारा, नाहीतर कोणाचा तरी मार खाणारा. आपण ज्याला ‘मला’ म्हणतो तो त्यांचा ‘मी’, आणि आपण ज्याला मी म्हणतो तो त्यांचा ‘आय’. एकाच चाळीत एकाच नावाची दोन बिऱ्हाडे असली म्हणजे पोस्टमनची जी तिरपीट उडते, तीच इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकाशी मराठी मुलाची उडते.

पण ती तिरपीट फार दिवस टिकत नाही. पोर आठ दिवसांत ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणू लागते. ‘गिव्ह आय वॉटर’ असे म्हणणारा विद्यार्थी कोणा मास्तरांना भेटला असेल असे वाटत नाही. खरी चूक पुढे होते, मोठेपणी होते. आणि विशेष हे की ती अडाण्याच्या हातून होत नाही, शिकल्यासवरल्या माणसाच्या हातून होते. सोसायटीच्या फळ्यावर चिटणिसांची सूचना लागते, ‘प्लीज कॉन्टॅक्ट द चेअरमन ऑर आय.’ कचेरीत वरिष्ठ कानाशी लागून सांगतात, ‘बिट्वीन यू अँड आय, हं!’ मेजवानीहून परतलेले गृहस्थ रात्रीच मोबाइलवर आभार पाठवतात, ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग माय वाइफ अँड आय.’ तिन्ही ठिकाणी ‘आय’ चूक आणि साधासुधा ‘मी’ बरोबर.

यात लाजण्यासारखे फारसे नाही, कारण ज्यांची ही मातृभाषा तेही याच खड्ड्यात पडतात. १९९२ साली बिल क्लिंटन अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. अल गोर आणि मला संधी द्या, असे आवाहन करताना त्यांनी मतदारांपुढे ‘अल गोर अँड आय’ म्हटले. २००८ साली बराक ओबामा निवडून आले, आणि मावळत्या अध्यक्षांनी आपल्याला सपत्नीक बोलावले हे सांगताना त्यांनीही ‘मिशेल अँड आय’ म्हटले. पहिले गृहस्थ येल आणि ऑक्सफर्ड येथे शिकलेले, दुसरे कोलंबिया आणि हार्वर्ड येथे! तेथल्या वर्तमानपत्रांतील भाषेच्या रखवालदारांनी दोघांचेही कान धरले. यावरून एवढे कळते की ही चूक शिक्षणाच्या अभावाने होत नसावी. मग ती होते तरी कशाने?

ती होते भीतीने. इंग्रज वा अमेरिकन घरातले पोर खेळून येते आणि सांगते, ‘मी अँड टॉमी वेन्ट टु द पार्क.’ लगेच आई डोळे वटारते, ‘टॉमी अँड आय!’ पुन्हा चार दिवसांनी तेच. दहा वेळा टोकल्यावर पोर एक गोष्ट पक्की शिकते, पण ती गोष्ट व्याकरणाची नसते. ते शिकते ते एवढेच की ‘अँड’च्या शेजारी ‘मी’ दिसला की मोठी माणसे रागावतात, आणि ‘आय’ म्हटले की गप्प बसतात. ‘आय’ म्हणजे सभ्य, ‘मी’ म्हणजे गावंढळ! हा समज एकदा मनात बसला की पुढे तो माणूस राष्ट्राध्यक्ष झाला तरी निघत नाही.

आपल्याकडे तर या भीतीला दुप्पट खतपाणी. त्यांना फक्त आई टोकते. आपल्याला मास्तर टोकतात, साहेब टोकतात, मुलाखत घेणारे भुवया उंचावतात, आणि हल्ली पोटची पोरेही टोकतात.

ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ओळखीच्या एका घरातली हकीकत सांगतो. बाई मराठी माध्यमातून शिकलेल्या, पदवीधर, वाचनाची उत्तम जाण. कन्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. पालकसभेत बाई वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, ‘माय हजबंड अँड मी केम लास्ट टाइम.’ शेजारी उभी असलेली मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, ‘मम्मी, माय हजबंड अँड आय!’ मुलगी बरोबरच होती. वर्गशिक्षिका हसल्या, आणखी दोन आया हसल्या. पुढच्या सभेला बाईंनी यजमानांना एकटेच पाठवले. त्याच्या पुढच्या सभेलाही. वर्षाच्या शेवटी त्यांनी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी लिहिली तिच्यात, ‘थँक यू फॉर गायडिंग माय हजबंड अँड आय.’ म्हणजे पहिल्यांदा चुकले ते सुधारले, आणि जे कधीच चुकले नसते ते त्या सुधारणेपायी चुकले. कारण त्यांना कोणी ‘का’ हे सांगितलेच नव्हते. नुसते टोकले होते.

ते ‘का’ मराठी माणसाला समजावून सांगायला व्याकरणाचे पुस्तकही लागत नाही. एक गुपित सांगून आपण मित्राला काय बजावतो? ‘हे तुझ्या-माझ्यातच राहू दे बरं का!’ ‘हे तू आणि मी यातच राहू दे’ असे म्हणतो का कोणी? चुकूनही नाही. ‘मध्ये’, ‘साठी’, ‘बरोबर’, ‘कडे’ असे काही पाठीशी आले की आपला ‘मी’ आपोआप कमरेत वाकतो आणि ‘माझ्या’ होतो. दोघे असले तर दोघेही वाकतात. एक ताठ आणि एक वाकलेला, असे होत नाही. इंग्रजीतही अगदी हेच. ‘बिट्वीन’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘टु’ यांच्यापुढे ‘आय’ने वाकायचे आणि ‘मी’ व्हायचे. ‘यू’ वाकलेला दिसत नाही याचे कारण त्याचे वाकलेले आणि ताठ रूप आज एकच आहे; त्याच्याकडे पाहून ‘आय’ला वाटते की आपणही ताठ राहावे, इतकेच. त्या ‘यू’चेही एक जुने प्रकरण आहे, ते पुढे येईल.

एवढे बाईंना सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, एवढंच होतं होय! मग हे आधी कोणी का नाही सांगितलं?’

ज्यांना झटपट कसोटी हवी असेल त्यांनी सोबत्याला घटकाभर बाहेर उभे करावे. ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग माय वाइफ अँड आय’ यातून सौभाग्यवतींना वगळा. ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग आय’ उरते, आणि ते कानाला खटकते. म्हणजे तेथे ‘मी’ हवा. ‘माय वाइफ अँड मी वेन्ट’ यातून त्यांना वगळा. ‘मी वेन्ट’ उरते, तेही खटकते. म्हणजे तेथे ‘आय’ हवा. ‘बिट्वीन’च्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही, कारण एकाच्या मध्ये काही राहत नाही. तेथे दोघांना एकत्र करून पाहावे: ‘बिट्वीन अस’ म्हणतात, ‘बिट्वीन वुई’ म्हणत नाहीत. संपले.

मात्र मराठीची काठी धरून चालताना एका जागी जपले पाहिजे. जेथे जेथे ‘मला’ तेथे तेथे इंग्रजी ‘मी’, असा हिशेब मांडाल तर फसाल. आपली भाषा मोठी विनयशील आहे. आंबा मला आवडतो, भूक मला लागते, ताप मला येतो, उत्तर मला ठाऊक असते. जणू या साऱ्या गोष्टी आपल्या दारी चालून येतात आणि आपण नुसते उंबऱ्यात उभे. इंग्रज यांतले काहीच दारी येऊ देत नाही. तो स्वतः उठून आवडून घेतो, जाणून घेतो, तापसुद्धा स्वतः बाळगतो: ‘आय लाइक’, ‘आय नो’, ‘आय हॅव फीव्हर’. म्हणून वाक्य शब्दाशब्दाने उलथण्यापूर्वी इंग्रजी क्रियापद कोणाच्या नावाने चालले आहे ते पाहावे आणि मग सर्वनाम निवडावे.

आता दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे वळू. कडी वाजते. आतून विचारणा होते, ‘कोण आहे?’ आपण सांगतो, ‘मी.’ इंग्रजाने काय सांगावे? ‘इट इज आय’ की ‘इट्स मी’?

या एका प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या शाळामास्तरांनी छड्या मोडल्या आहेत. पुस्तकी नियम ‘इट इज आय’च्या बाजूचा. १७६२ साली रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने इंग्रजीचे एक छोटेखानी व्याकरण लिहिले. हे गृहस्थ पुढे लंडनचे बिशप झाले. १७९५ साली लिंडली मरे या अमेरिकन वकिलाचे व्याकरण निघाले. वकिली सोडून हा इंग्लंडात यॉर्कजवळ राहायला आला होता, आणि तेथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने हे पुस्तक केले. ते लाखांनी खपले. या पंडितांच्या मनात आदर्श होता तो लॅटिनचा. लॅटिनमध्ये ‘असणे’ या क्रियापदाच्या दोन्ही अंगांना प्रथमाच लागते, म्हणून इंग्रजीतही ती लागली पाहिजे, असा हा न्याय. पण इंग्रजी बोलणारा माणूस लॅटिनला विचारून दार वाजवत नाही. त्याच्या कानाला क्रियापदाच्या मागून आलेला शब्द वाकलेलाच बरा वाटतो. शेजारचा फ्रेंच तर याबाबतीत केव्हाच मोकळा झालेला आहे. तो दाराशी उभा राहून ‘आय’ला जुळणारे रूप कधीच वापरत नाही. आज इंग्लंड-अमेरिकेत ‘इट्स मी’ सर्रास चालते आणि ते चूक मानणारा माणूस शोधावा लागतो. माझे मत विचाराल तर ‘इट इज आय’ हे वाक्य फक्त रंगभूमीवरच्या राजाने उच्चारावे. फ्लॅटच्या दाराशी उभे राहून कोणी ते उच्चारले तर आतल्या माणसाने साखळी लावूनच दार उघडावे हे बरे!

परक्या भाषेचा अंगरखा आपल्या भाषेला चढवण्याचा हा खटाटोप आपल्याकडेही झालेला आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांना आपण मराठीचे पाणिनी म्हणतो. त्यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर एका बाजूला संस्कृतची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी व्याकरणाचा नमुना. शाळेत आपण सर्वांनी घोकलेल्या त्या विभक्त्यांच्या आठ खोल्या संस्कृतच्या वाड्यातल्या. मराठीला त्यांत राहायला कुठे ऐसपैस होते, कुठे अडचण. दादोबांचे काम मोठेच आहे. इंग्रजी व्याकरण लॅटिनकडे पाहून लिहिले गेले आणि मराठी व्याकरण इंग्रजीकडेही पाहून, ही मौज तेवढी लक्षात ठेवण्याजोगी.

‘हू’ आणि ‘हूम’ यांचे भांडणही याच कुळातले, पण ते आता विझत आले आहे. ‘कोण’ तेथे ‘हू’, ‘कोणाला’ किंवा ‘कोणाशी’ तेथे ‘हूम’. उत्तरात ‘ही’ बसत असेल तर ‘हू’, ‘हिम’ बसत असेल तर ‘हूम’. बोलताना ‘हूम’ गाळले तरी हल्ली कोणी हटकत नाही. ‘टु हूम’ असे जोडून आले तर मात्र ते हवेच. एक सापळा तेवढा ओळखून ठेवावा. ‘तुला कोण येईल असं वाटतं?’ येथे ‘कोण’ आहे, म्हणून ‘हू डू यू थिंक विल कम?’ मधल्या ‘यू थिंक’ला पाहून घाबरलेली माणसे येथे ‘हूम’ घालतात. पुन्हा तीच भीती, पुन्हा तोच भारदस्त शब्दाचा आधार!

भीतीचे तिसरे अपत्य म्हणजे ‘मायसेल्फ’. ‘आय’ की ‘मी’ हे ठरत नाही, तेव्हा माणूस दोघांनाही टाळून ‘मायसेल्फ’च्या छत्रीखाली उभा राहतो. ‘प्लीज मीट द मॅनेजर ऑर मायसेल्फ’ असे साहेबलोकही लिहितात. आपला नवा उमेदवार मुलाखतीला गेला की ‘मायसेल्फ जोशी फ्रॉम सातारा’ अशी सलामी देतो. त्याच्या मनात बहुधा आपले ‘मी स्वतः’ घोळत असते. मराठीत ‘मी स्वतः बोलतोय’ हे टेलिफोनवर शोभते. त्यातला ‘मी’ काढून नुसते ‘स्वतः जोशी’ म्हटले तर ऐकणाऱ्याला काय वाटेल? इंग्रजाला तेच वाटते. ‘मायसेल्फ’ हा आरशातला माणूस आहे. वाक्यात आधी ‘आय’ उभा असेल तरच तो दिसायचा: ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘आय डिड इट मायसेल्फ’. आरशासमोर कोणीच नाही आणि आत प्रतिबिंब आहे, हा भुताटकीचा प्रकार झाला. ‘आय अॅम जोशी’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. सातारा मागाहून येऊ द्यावा.

‘इट्स’ या शब्दाचे दुखणे कानाचे नव्हे, डोळ्यांचे. ‘त्याचे’ या अर्थाचा ‘इट्स’ आणि ‘इट इज’ आखडून झालेला ‘इट्स’, दोन्ही उच्चाराला एक. लिहिताना दुसऱ्याच्या डोक्यावर स्वल्पविरामासारखे चिन्ह येते, पहिल्याच्या येत नाही. लोकांचा घोटाळा साहजिक आहे, कारण ‘गोविंदाचे पुस्तक’ म्हणताना गोविंदाच्या डोक्यावर ते चिन्ह द्यावे लागते. मग ‘त्याचे’ म्हणतानाच का नाही? याला उत्तर एवढेच की पूर्वी देत असत! सतराव्या-अठराव्या शतकांत भलेभले लेखक ते देत. पुढे छापखान्यांनी आणि व्याकरणकारांनी ते काढून टाकले. आजची कसोटी सोपी आहे. शब्द उलगडून ‘इट इज’ वाचून पाहावे. अर्थ जुळला तर चिन्ह, नाही तर नाही.

आता दोन शब्द त्या प्रसिद्ध ‘इजन्ट इट’विषयी. ‘तुम्ही येणार ना?’, ‘तिचं लग्न झालं ना?’, ‘आपण काल भेटलो ना?’ मराठीचा हा ‘ना’ कोणत्याही वाक्याच्या शेपटीला बसतो. त्याला लिंग नाही, वचन नाही, काळ नाही. आपण त्याच्या जागी ‘इजन्ट इट’ बसवतो आणि सगळीकडे फिरवतो: ‘यू आर कमिंग, इजन्ट इट?’ इंग्रजीची शेपटी मात्र दर वेळी नवी विणावी लागते. वाक्यातले क्रियापद आणि वाक्यातलेच सर्वनाम घेऊन ती बांधायची: ‘यू आर’ने सुरुवात असेल तर ‘आरन्ट यू’, लग्न तिचे असेल तर ‘हॅजन्ट शी’. हे जमेपर्यंत काय करावे? वाक्य संपवून थांबावे आणि ‘राइट?’ म्हणावे. चालते.

बाकीच्या किरकोळ जोड्या उभ्याउभ्याच उरकू. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळी, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याआधी. गाडी ‘ऑन टाइम’ सुटते आणि आपण ती पकडायला ‘इन टाइम’ पोचतो, निदान पोचावे. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे थोडे का होईना मित्र आहेत, आणि नुसते ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्रांची वानवा. एका ‘अ’ने माणूस पोरका होतो. ‘काल रात्री’चे ‘यस्टरडे नाइट’ होत नाही, ‘लास्ट नाइट’ होते. ‘डिस्कस’च्या मागे ‘अबाउट’ नको आणि ‘कोप’च्या पाठीवर ‘अप’ नको. मात्र ‘प्रिपोन’वर कोणी नाक मुरडले तर खुशाल दुर्लक्ष करावे. ‘पोस्टपोन’ला विरुद्ध शब्द हवाच होता, आपण तो इतका वापरला की आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे.

राहिले ते ‘यू’चे प्रकरण.

आज इंग्रज आपल्या आईला, नोकराला, कुत्र्याला आणि राजालाही ‘यू’ म्हणतो. पूर्वी असे नव्हते. एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’, म्हणजे आपले तू आणि तुम्ही. या ‘यी’चे वाकलेले रूप होते ‘यू’. म्हणजे ‘तुम्ही’ तेथे ‘यी’ आणि ‘तुम्हाला’ तेथे ‘यू’. पुढे फ्रेंच दरबारी रिवाजाच्या वळणाने एकट्या मोठ्या माणसालाही अनेकवचनी संबोधू लागले, जसे आपण गुरुजींना ‘तुम्ही’ म्हणतो. मग मोठे कोण आणि लहान कोण याचा झगडा नको म्हणून जो तो सर्वांनाच अनेकवचन लावू लागला, आणि त्या गर्दीत १६०० च्या सुमारास ‘यू’ने ‘यी’ला ढकलून कर्त्याची जागाही बळकावली. थोडक्यात, आज प्रत्येक इंग्रज जे ‘यू’ म्हणतो ते मुळात ‘मी’च्या पंक्तीतले, वाकलेले रूप. ‘मी वेन्ट’ म्हणणाऱ्या पोराला जी आई टोकते, तिच्या स्वतःच्या ‘यू वेन्ट’मध्ये तीच चूक तीनचारशे वर्षे मुरून सभ्य झालेली आहे!

हे सर्वांना पसंत होते असे नाही. जॉर्ज फॉक्स याने स्थापलेल्या क्वेकर पंथाचे म्हणणे असे की एका माणसाला अनेकवचन लावणे म्हणजे खोटे बोलणे आणि खुशामत करणे. देवापुढे सर्व सारखे. तेव्हा न्यायाधीश असो वा सरदार, एकाला ‘दाऊ’च म्हणायचे. लोकांनी या अरेतुरेपायी त्यांना मारहाण केली, कोर्टात त्यांच्यावर न्यायाधीश संतापले. पण ही मंडळी हटली नाहीत. १६६० साली फॉक्सने दोन सोबत्यांसह एक जाडजूड ग्रंथच काढला आणि अनेक भाषांचे दाखले देऊन सिद्ध केले की एकवचन निराळे आणि अनेकवचन निराळे. युक्तिवाद बिनतोड होता. जग मात्र ‘यू’ म्हणतच राहिले. गंमत म्हणजे समता आली ती क्वेकरांच्या मार्गाने, सर्वांना ‘तू’ म्हणून, आली नाही. सर्वांना ‘तुम्ही’ म्हणून आली.

हा इतिहास ध्यानात असला म्हणजे हल्लीच्या एका वादाकडे शांतपणे पाहता येते. पुरुष की स्त्री हे ठाऊक नसलेल्या, किंवा दोन्ही म्हणवून घेऊ न इच्छिणाऱ्या, एका व्यक्तीला ‘दे’ म्हणावे की नाही, हा तो वाद. अनेकवचन एकाला कसे, असे पुष्कळांना वाटते. कायद्याने पूर्वी सरळ पुरुषाची बाजू घेतली होती. १८५० साली ब्रिटिश पार्लमेंटने ठरवले की कायद्यात ‘ही’ असेल तेथे ‘शी’ही समजावी, आणि आपल्याकडच्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टातही तोच नियम आहे. पण बोलणारे लोक सहाशे वर्षांहून अधिक काळ अशा जागी ‘दे’ वापरत आले आहेत, आणि २०१९ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशकारांनी तोच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. मराठी माणसाने यात दचकावे असे काही नाही. ‘बाबा आले, ते जेवायला बसले’ म्हणताना किती बाबा आले असे आपल्याकडे कोणी विचारत नाही.

एका बाबतीत मात्र इंग्रजी आपल्यापुढे अगदीच दरिद्री ठरते, आणि तिथे व्याकरण पाठ असूनही फजिती होते. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा धरलेला नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘वुई’. परदेशी असलेल्या एका भाच्याने मुंबईला आलेल्या आपल्या गोऱ्या साहेबाला शनिवारी सकाळी कळवले, ‘वुई आर गोइंग टु लोणावळा टुडे.’ भाच्याच्या मनात ‘आम्ही’ होते. मामा, मामी, आजी आणि दोन पोरे एवढी मंडळी मोटारीत आधीच कोंबलेली. निरोप अशासाठी की साहेबाने आज फोन करू नये. साहेबाने ‘आपण’ वाचले. अर्ध्या तासाने तो हातात पिशवी आणि डोक्यावर टोपी घालून सोसायटीच्या फाटकाशी हजर!

आजीबाईंना ‘आय’ ठाऊक नव्हता आणि ‘मी’ही. त्या म्हणाल्या, ‘आलाय तर सरकून घ्या रे, एक माणूस बसेल.’ आणि मामा मागच्या लोकलने निघाले.